गाडीला कुणाचा हात लागतोय

रविवार, १९ जानेवारी

हरले. आणि कशी हरले, तर जास्त जोरात पळाले म्हणून! बाहेरच्या माणसाला सांगितलं तर तो मला वेड्यात काढेल, पण आमच्या क्लबात नियमच तसा आहे. कुणाची गाडी कोरी करकरीत, कुणाची माझ्यासारखी पेन्शनीत निघालेली. म्हणून शर्यतीआधी प्रत्येकानं आपल्या काचेवर पांढऱ्या बूटपॉलिशनं आकडा लिहायचा, की हा सरळ पट्टा संपवायला माझी गाडी इतके सेकंद घेणार. जिचा आकडा मोठा तिला तेवढं आधी सोडतात. मग पुढे पोचेल तो जिंकला. मात्र स्वतःच्या आकड्यापेक्षा कमी वेळात पोचलात की बाद. मुद्दाम फुगवून लिहिलं होतं, असं धरतात.

आमचा आकडा हे काढतात. आठवडाभर औषधाच्या दुकानात काउंटरवर उभे असतात, आणि रविवारी माझे मेकॅनिक, हमाल, सल्लागार, सगळं काही. माझं ड्रायव्हिंग स्कूल आहे. सोमवार ते शनिवार लोकांना ‘हळू, अहो हळू’ म्हणून घसा फोडते आणि रविवारी जुन्या विमानतळाच्या ओसाड धावपट्टीवर जाऊन ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबते. गाडीही शाळेतूनच निवृत्त झालेली, म्हातारी लाल. अर्ध्या शहरानं तिचा क्लच जाळून गाडी शिकून घेतलीय.

इतक्या वर्षांत ह्यांचा आकडा कधी चुकला नव्हता. आज चुकला. शेजारच्या पट्ट्यात होते बेकरीवाले, गेल्या वर्षी फायनलला मला हरवणारे. आज मी त्यांच्या पुढे होते! खिडकीतून हात बाहेर काढणार, तोच क्लबचे अध्यक्ष माइकवर म्हणाले, “लाल गाडी बाद.”

संध्याकाळी गॅरेजचं शटर वर केलं तर दारामागे स्टेपनी उभी. म्हणजे गाडीत नव्हतीच! आकडा काढतो तो स्टेपनीसकट. ती नाही म्हणजे गाडी हलकी, म्हणून पळाली. विचारलं, तर म्हणतात, “राहिली वाटतं.”

“वाटतं? आजवर कधी राहिली नाही ती!”

“राहिली गं.”

उजवा हात खिशात घालून उभे. वाईट वाटल्याचं एक अक्षर नाही. तोंडावरची रेघ हलली नाही.

हा शेवटचा सीझन आहे. धावपट्टी गोदामवाल्यांनी घेतली, एप्रिलपासून कुंपण पडणार. चार रविवारांचे गुण धरून वरचे दोघं फायनलला जाणार. यंदा चषक घरी आला नाही तर कधीच यायचा नाही. आणि नेमकी यंदाच स्टेपनी राहते? कुठेतरी पाणी मुरतंय.

गुरुवार, २३ जानेवारी

मी लक्ष ठेवून आहे. ह्यांचा उजवा हात सारखा खिशात. चालताना खिशात, टीव्ही बघताना खिशात. मी आले की जास्तच आत. मोबाइल लपवत असणार, दुसरं काय?

आज मुद्दाम फोन लावला. रिंग वाजली स्वयंपाकघरात, चार्जिंगला लावलेला. मग खिशात काय होतं? कपडे धुताना तोही पाहिला. रुमाल. एवढा काय त्या रुमालाला धरून बसायचं?

रविवार, २ फेब्रुवारी

जिंकले! आज तिन्ही फेऱ्या जिंकले!

हे सुख शब्दांत सांगता येत नाही, तरी इथे लिहून ठेवते. खांबावरचे दिवे वरून खाली पिवळे होत येतात, मग हिरवा. त्या घटकेला डोक्यात काही म्हणजे काही नसतं. विजेचं बिल नाही, गुडघा नाही, लेकीचं कसं होईल ही काळजी नाही. पाठ सीटला चिकटते, पोट मागे राहतं, आणि मी, पन्नाशी उलटलेली बाई, बोंब मारते. घरात अशी कधी मारता येते का? मोजके सेकंद, की संपलं. तेवढ्यासाठी आठवडाभर नखांत ग्रीस. तेवढ्यासाठी भाचीचं लग्न बुडवलं, फाटका सोफा तसाच ठेवला, आणि लेकीनं लहानपणचे सगळे रविवार धावपट्टीच्या कडेला छत्रीखाली बसून गृहपाठ करत काढले. नणंद म्हणते, “वहिनी, या वयात शोभतं का?” म्हटलं, तेव्हा शोभलं, मग या वयात का नाही शोभणार!

पण एक सवय या छंदानं लावली. सेकंदाचा बारीकसा तुकडा जरी हरवला तरी तो कुठे गळला ते शोधत बसायचं. टायरमधून? क्लचमधून? माणसातून? शोधल्याशिवाय झोप येत नाही.

तर आजचं गळणं. ह्यांनी काचेवर आकडा लिहिला तो मुंगीएवढा. पूर्वी हात-हातभर लिहायचे. अध्यक्षांना विमानतळाच्या जुन्या मनोऱ्यावरून वाचता येईना, खाली उतरून काचेपाशी यावं लागलं. “अहो, पॉलिश महाग झालं का?” असं त्यांनी ह्यांना विचारलं. सगळे हसले. हे हसले नाहीत.

दुसरं. रांगेत उभी असताना मला पेट्रोलचा भपकारा आला. हे बॉनेटमध्ये तोंड घालून उभे, म्हणतात वास नाही. उतरून पाहिलं तर पाइपची क्लिप सुटलेली, खाली थेंब थेंब. “नाकाला कुलूप लावलंय का?” मी भडकले. ह्यांनी मुकाट्यानं क्लिप बसवली, आणि तीही बसवायला इतका वेळ लावला की शेवटी मीच हातातून घेतली.

वास आला नाही? पेट्रोलचा? औषधाच्या दुकानात बाटलीचं झाकण उघडल्यावर आतलं सांगणारा माणूस हा!

बुधवार, ५ फेब्रुवारी

हल्ली फोनवर इतकं हळू बोलतात की शेजारच्या खोलीत बसून कान टवकारले तरी अर्धंच कळतं. आज लेकीशी बोलत होते. एवढं स्पष्ट ऐकलं, “फायनल होऊ दे, मग तारीख घे. आईला काही बोलू नकोस.”

तारीख? कसली? बापलेक मिळून गाडी विकायचं ठरवतायत. गिऱ्हाईक बघून ठेवलंय, फायनल झाली की सौदा. धावपट्टी जाणारच आहे, मग ही म्हातारी दारात कशाला, असं त्यांचं गणित. विचारायची काय, सांगायचीसुद्धा गरज वाटत नाही! मी पानं वाढली, तेव्हा मात्र म्हणे, “तिची तब्येत बरी आहे, कामं चाललीत.” ताकास तूर लागू देत नाहीत.

मंगळवार, ११ फेब्रुवारी

लेकीला मीच फोन केला. आडून आडून विचारलं. ती नुसतं हं हं. मग म्हणाली, “आई, तू बाबांकडे नीट बघतेस ना?”

“बघते तर! डोळ्यांत तेल घालून बघते.”

म्हणाली, मीटिंग आहे. मंगळवारी संध्याकाळी सातला कसली मीटिंग?

रविवार, १६ फेब्रुवारी

दोन फेऱ्या जिंकले, तिसरी गेली. गुणांत मी दुसरी, बेकरीवाले पहिले. म्हणजे फायनल आमच्या दोघांतच होणार, असं दिसतंय.

आणि आता ऐक, वही. मी ड्रायव्हरांच्या बैठकीहून परत येतेय, तर आमच्या गाडीमागे हे आणि बेकरीवाले डोक्याला डोकं लावून उभे. मला बघताच बेकरीवाले म्हणाले, “या वहिनी, आज ऊन काय मस्त पडलंय.” ऊन! ढग होते आभाळात. हे बूट न्याहाळत होते.

इतकी वर्षं जो माणूस माझ्याविरुद्ध उभा राहतो, त्याच्याशी माझ्या नवऱ्याला काय कुजबुजायचंय? आमच्या गाडीचा खरा वेग, कुठल्या गिअरला ती रडते, हे जगात दोघांनाच माहीत, मला आणि ह्यांना.

परतताना गाडीत विचारलं.

“काही नाही. गुडघ्याबद्दल विचारत होता.”

“कुणाच्या?”

“त्याच्या.”

बेकरीवाल्यांचे गुडघे ठणठणीत आहेत. पोत्यावर पोती उचलतो तो माणूस.

गुरुवार, २० फेब्रुवारी

आज तर कमाल झाली. दुपारच्या बॅचला बँकेतल्या बाईंना घेऊन निघाले होते. बाजाराच्या रस्त्याला बेकरीच्या काचेतून पाहिलं, तर आत स्टुलावर बसलेत आमचे हे! एरवी दुकानातून जेवायच्या सुट्टीत घरी येतात, आज आले नव्हते.

बाईंना म्हटलं, “डावीकडे घ्या.” मग परत डावीकडे. मग परत. तिसऱ्या चकरेला त्या रडकुंडीला आल्या, “मॅडम, आपण हरवलोय का?” म्हटलं, “नाही, वळणं पक्की करतोय. हळू घ्या, अजून हळू.”

काय करत होते माहितीय? पीठ मळत होते. खोटं नाही. पुढ्यात कणकेचा गोळा, आणि हे उजव्या हातानं तो दाबतायत, सोडतायत, दाबतायत. बेकरीवाले बाजूला हाताची घडी घालून. घरात आजवर चहाची कपबशी विसळली नाही या माणसानं!

घरी आल्यावर विचारलं, “दुपारी कुठे होता?” म्हणाले, “दुकानात गर्दी होती.”

खोटं बोलले. माझ्या तोंडावर, डोळ्याला डोळा देऊन. इतकी वर्षं संसार केला, खोटं म्हणून ह्यांनी कधी सांगितलं नव्हतं, किंवा मी पकडलं नव्हतं. आता कुठलं खरं, देव जाणे. खोलीचं दार लावून रडले. मग तोंड धुऊन संध्याकाळची बॅच घेतली.

रविवार, ९ मार्च

पकडला! रंगेहाथ पकडला!

क्रमानं लिहिते. आमची शर्यतीची पुढची दोन चाकं वेगळी असतात, मऊ रबराची, साध्या रस्त्यावर चालत नाहीत. म्हणून दर रविवारी धावपट्टीवर पोचलं की हे घरची चाकं काढून ती बसवतात. आज बसवून झाली, हे पाणी आणायला गेले, मी अध्यक्षांकडे नाव नोंदवायला. हेल्मेट विसरले म्हणून अर्ध्या वाटेतून परत फिरले, तर बेकरीवाले आमच्या पुढच्या चाकापाशी गुडघे टेकून! हातात पाना! नटांवर!

मी जी ओरडले ती मनोऱ्यापर्यंत गेली असणार. माणसं जमली. क्लबचा नियम दगडावरची रेघ आहे. दुसऱ्याच्या गाडीला हात लावायचा नाही. लावला तर सीझनमधून बाहेर.

अध्यक्षांनी विचारलं, “हात लावला का?”

बेकरीवाल्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. हे पाण्याची बाटली छातीशी धरून उभे, तोंड दगडासारखं. मग ते म्हणाले, “हो, लावला.”

“का लावला?”

“लावला. नियम काय आहे ते करा.”

झालं. सीझनमधून बाद. त्यांनी आपला पाना पुसला, हत्यारांचा डबा उचलला आणि गाडी घेऊन गेले. मी सगळे नट स्वतः पुन्हा आवळले आणि आजच्या सगळ्या फेऱ्या जिंकल्या. फायनलला आता मी आणि दूधवाला. दूधवाला हिरव्या दिव्यावर नेहमी उशिरा निघतो. चषक जवळजवळ घरात आलाय.

येताना गाडीत मी म्हटलं, “तुमच्या मित्रानं माझं चाक निखळवलं असतं आज. मेले असते मी!” तेव्हा डोळे मिटले त्यांनी. नुसते मिटले. भांडलेही नाहीत.

सोमवार, १० मार्च

चहा घेताना म्हणाले, “त्याला परत घ्यायला सांग अध्यक्षांना.”

“का?”

“तो तसा माणूस नाही.”

“मग कसा आहे? सांगा ना, तुमची फार ओळख दिसते.”

कप खाली ठेवला. चहा बशीत सांडला होता. मी गॅरेजचं कुलूप बदललं. किल्ली गळ्यात घातलीय, आंघोळीलाही काढणार नाही.

शनिवार, १५ मार्च

एक गोष्ट खटकतेय, लिहून टाकते म्हणजे डोक्यातून जाईल. बेकरीवाल्यांच्या हातातला पाना कट् वाजणारा होता. नट पुरेसा आवळला की कट् असा आवाज देतो, तो. सैल करायला तो पाना कुणी घेत नाही, बिघडतो. आणि बेकरीवाले आपल्या हत्यारांना लेकरासारखं जपतात.

मग? घाईत हाती आला तो उचलला असेल. चोर काय हत्यारं निवडत बसतो?

तरी खटकतंय.

शुक्रवार, २१ मार्च

आज हे म्हणाले, “फायनलला चाकं तू बसव.”

“मी? मी गाडी चालवू की चाकं बसवू? इतकी वर्षं तुम्ही बसवलीत.”

“मग दुसऱ्या कुणाला तरी...”

“आता परका माणूस? बेकरीवाल्याचा धडा पुरला नाही?”

बघितलं त्यांनी माझ्याकडे. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग म्हणाले, “बरं.”

मला कळलं. काही झालं तर आपल्यावर यायला नको, म्हणून आधीच हात झटकून मोकळे होतायत. मी पक्कं ठरवलंय. रविवारी माझ्या गाडीला ह्यांच्याशिवाय कुणाचा हात लागणार नाही. आणि ह्यांच्यावर मी नजर ठेवणार.

रविवार, २३ मार्च

लिहिता येईल की नाही माहीत नाही.

सकाळी ह्यांनी चाकं बसवायला घेतली. मी आत बसून, पट्टा बांधून, हेल्मेट घालून. खूप वेळ लागला. पुढे मला दिसत होती फक्त त्यांची पाठ, वर-खाली होणारी. मी दोनदा हॉर्न दिला. एकदाचे बाजूला झाले. आमची पाळी पुकारली, झेंडेवाल्यानं पुढे यायची खूण केली, मी गाडी सावकाश रेषेकडे नेली. शेजारी दूधवाला आला. दिव्यांच्या खांबाकडे डोळे लावले.

आणि हे समोर आले. धावपट्टीवर, माझ्या गाडीच्या पुढ्यात. ते पळत नव्हते, त्यांना पळता येत नव्हतं. पाय घासत, बारीक बारीक पावलं टाकत आले आणि बॉनेटसमोर उभे राहिले. ओठ हलत होते. इंजिनाच्या आवाजात काही ऐकू येत नव्हतं. मी हॉर्न दाबला. माझ्या नवऱ्याला, भर लोकांत, हॉर्न दाबून धरला. हलले नाहीत.

मी हेल्मेट काढून आपटलं आणि उतरले. अध्यक्ष धावत आले. मी ह्यांच्या अंगावर ओरडले, “त्या बेकरीवाल्यासाठी माझी फायनल घालवताय?”

ह्यांनी पाना पुढे केला. पान्याचं टोक थडथड हलत होतं. हात खिशात नव्हता. सगळ्यांसमोर होता आणि तो हात थांबतच नव्हता.

“नट बघ,” म्हणाले. जवळ होते तरी मला वाकून ऐकावं लागलं.

मी पाना लावला. नट फिरला. कट् आलाच नाही, फिरतच गेला. दुसरा तसाच. सगळे तसेच. पलीकडच्या चाकाचेही.

“कुणी सैल केले?” मी विचारलं. हाच माझा पहिला प्रश्न होता. लिहितानाही लाज वाटते.

“कुणी नाही. मीच आवळलेत. माझ्यानं एवढेच आवळले जातात आता.”

दूधवाल्यानं इंजिन बंद केलं. तेवढ्या शांततेत हे म्हणाले, “पौषापासून नाही, त्याच्याही आधीपासून जोर जातोय. स्टेपनी उचलली गेली नाही त्या दिवशी. मग मीच बेकरीवाल्याला म्हटलं, माझ्यामागून नट आवळत जा, हिला सांगू नकोस. त्यानं शब्द पाळला.”

“मला का नाही सांगितलं?”

“सांगितलं असतं तर तू त्याच दिवशी गाडी विकून माझ्या उशाशी बसली असतीस. हे शेवटचं वर्ष होतं.”

मी म्हटलं, “मी नाही जात. चला घरी.”

“मग मी इतके दिवस गप्प कशाला बसलो?” एवढ्या वेळात पहिल्यांदा त्यांचा आवाज चढला. चढला म्हणजे काय, पूर्वी साधं बोलायचे तेवढा झाला. “आवळ ते. आणि जा.”

मी आवळले. प्रत्येक नटाला कट् येईपर्यंत. ते बाजूला उभे राहून मान हलवत होते, हा झाला, पुढचा घे. मग मी बसले. हेल्मेटमध्ये डोळे पुसता येत नाहीत. दिवे वरून खाली आले असतील, मी आरशात ह्यांना बघत होते. हिरवा कधी झाला कळलंच नाही. दूधवाला पार पुढे गेलेला दिसला तेव्हा निघाले, आणि हरले.

गाडीचा वेळ ह्यांनी लिहिलेल्या आकड्याला तंतोतंत उतरला. त्यांचं काहीच चुकलं नव्हतं.

मंगळवार, २५ मार्च

आज चहाच्या वेळी मी पुन्हा तेच विचारलं, मला का नाही सांगितलंत, खरं सांगा.

म्हणाले, “सांगणार होतो एकदा. त्या पेट्रोलच्या दिवशी. तू म्हणालीस, नाकाला कुलूप लावलंय का. मग वाटलं, सांगितलं तर तू आधी विचारशील, हे निमित्त तुम्हाला कुणी शिकवलं.”

विचारलंच असतं मी. आता कबूल न करून कुणाला फसवू?

त्यांनी तो हात सगळ्यांपासून लपवला होता. परवा सगळ्या क्लबासमोर बाहेर काढला, कारण मी त्यांच्यामागून नट आवळायला एकही माणूस शिल्लक ठेवला नव्हता. माझा जीव वाचवायला त्यांना आपली अब्रू रस्त्यावर आणावी लागली, आणि मी वर हॉर्न दिला.

दुपारी बेकरीत गेले. बेकरीवाले भट्टीतून ट्रे काढत होते, मान वर केली नाही. मी म्हटलं, “माझं चुकलं. अध्यक्षांना मी सगळं लेखी देते, तुमच्यावरचा डाग...”

“लेखी देऊन धावपट्टी परत येणार आहे का? माझंही शेवटचं वर्ष होतं, वहिनी.”

मी तिथेच उभी राहिले. त्यांनी ट्रे आपटला, हात पुसले. म्हणाले, “माफीचं नंतर बघू. राग आहे, जाईल तेव्हा जाईल. डॉक्टरची तारीख कधी आहे?”

फोनवर कुजबुजलेली ती तारीख हीच, लेकीनं काल घेतली. मी सोडून सगळ्यांना माहीत होती.

“पुढच्या गुरुवारी,” मी म्हटलं.

“त्याला म्हणावं, दुपारचा येत जा. कणीक सोडायची नाही.”

गुरुवार, ३ एप्रिल

लेक सुट्टी काढून आली. तिघं गेलो. डॉक्टरीणबाई तरुण, लेकीपेक्षा चारेक वर्षांनी मोठ्या असतील. ह्यांना बोटं आपटायला लावली, चालायला लावलं, एक ओळ लिहायला लावली. मग सरळ सांगितलं. कंपवात आहे. बरा होत नाही, पण औषधानं बरीच वर्षं चांगली काढता येतात. हात, चाल, आवाज, वास, सगळं त्यातच. आणि म्हणाल्या, चेहऱ्याचे स्नायूही आखडतात, त्यामुळे मनात काय आहे ते चेहऱ्यावर उमटत नाही. घरच्यांना वाटतं माणूस रागावलाय, नाहीतर काही लपवतोय. मी पर्सची चेन उघडली आणि लावली.

मग विचारायला लागल्या. हे कधी सुरू झालं, ते कधी, आधी काय, नंतर काय? हे आठवत बसले. लेकीला अर्धंमुर्धं माहीत. आणि मी सांगत सुटले. कुठल्या महिन्यात काय, कुठल्या रविवारी काय, कुठला हात, किती वेळ, काय बोलले, काय बोलले नाहीत. एकदाही अडखळले नाही. डॉक्टरीणबाई भराभर लिहून घेत होत्या. शेवटी पेन ठेवून ह्यांना म्हणाल्या, “नशीबवान आहात काका. इतकं बारीक लक्ष ठेवणारं माणूस मला रोज बघायला मिळत नाही.”

मला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं. लेक खिडकीबाहेर बघायला लागली.

हे म्हणाले, “हो. फार लक्ष ठेवते माझ्यावर.”

मी त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. टोमणा होता की मनापासून होतं, काही कळेना. चेहरा तसाच, सपाट. बाहेर बाकावर बसल्यावर न राहवून विचारलं, “आत म्हणालात ते खरंच म्हणालात?”

“खरंच म्हणालो.”

पुन्हा विचारायचं ओठांवर आलं होतं. विचारलं नाही. औषधं घेतली आणि तिघं घरी आलो.